ऑसाबलच्या काठाकाठानं

मिशिगन अव्हेन्यूचं डांबर अजून तापलेलं आहे आणि त्यावर ओळीमागं ओळ लावून कनू, वल्ह्यांच्या निमुळत्या होड्या, ठेवल्या आहेत. एका ओळीत पाच. नदी इथून दिसतसुद्धा नाही. ती दुकानांच्या मागून, काही गल्ल्या पलीकडून वाहते. जुलैअखेरचा शनिवार. रात्रीचे नऊ वाजत आले तरी उत्तर मिशिगनमध्ये या दिवसांत सूर्य पुरता मावळलेला नसतो, त्यामुळं कनूंवरचे आकडे, मनगटांना गुंडाळलेल्या पट्ट्या, मानेवर चोपडलेलं मलम, सगळं स्वच्छ दिसतं आहे. ग्रेलिंग हे दोनेक हजार वस्तीचं गाव. आज त्याच्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. घडीच्या खुर्च्या दुपारीच मांडून ठेवल्या आहेत आणि आता त्यांच्यावर कुणीच बसलेलं नाही. सगळे उभे आहेत.

इथून निघायचं आणि ऑसाबल नदीनं रात्रभर वल्हवत पूर्वेला ह्युरॉन सरोवराच्या काठी, ऑस्कोडाला पोचायचं. १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटर. वाटेत सहा धरणं. प्रत्येक धरणाशी कनू उचलून, बांध चढून उतरून, पलीकडच्या पाण्यात टाकायची. एका नावेत दोघंच. हातात १९ तास. १९४७ सालापासून ही शर्यत चालू आहे आणि पहिल्या वर्षी जिंकणाऱ्या जोडीला एकवीस तासांहून जास्त वेळ लागला होता. म्हणजे तेव्हाचे विजेते आजच्या नियमात बसलेही नसते.

मी आमच्या कनूच्या काठावरून हात फिरवते. साडेअठरा फूट लांब, कार्बन फायबरची, वजन बारा-तेरा किलो. लांबी किती असावी, पाणरेषेजवळ किमान रुंदी किती असावी, हे नियमानं बांधलेलं आहे. त्या चौकटीत राहून नाव जितकी बारीक करता येईल तितकी केली आहे. जिथं माणूस बसतो तिथं काठ आत ओढून घेतले आहेत, कारण वल्हं नावेच्या अंगाला चिकटून ओढलं तर ती सरळ पळते आणि लांबून ओढलं तर वळायला बघते. पुढची बैठक पट्टीवर मागंपुढं सरकते. पायांपाशी आडवी दांडी आहे, तिच्यावर तळवे रोवून जोर लावायचा. वल्हवण्याचा जोर दंडातून येतो असं बघणाऱ्याला वाटतं. खरा जोर पाय, कंबर आणि पाठीतून येतो, आणि ती दांडी सैल असेल तर तो सगळा वाया जातो. आमच्या जोडीतला पुढचा आत्ताही तिचा स्क्रू पुन्हा आवळतो आहे.

मागं बसणारी माझी ऑफिसातली मैत्रीण आहे. पुढं बसणारा तिचा मामेभाऊ. गावातल्या शाळेत शिकवतो. आणि या दोघांची आजी, जिला आम्ही सगळेच ग्रँमा म्हणतो, आमच्या काठावरच्या चमूची प्रमुख. तिच्या नवऱ्यानं ही शर्यत देवदाराच्या पट्ट्या जोडून केलेल्या नावेतून वल्हवली होती. चमूत बाकी मी आणि माझा नवरा. त्याचं काम गाडीचं, माझं पाण्यातलं.

मी सांगलीची. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती आयर्विन पुलावरून बघत वाढले. तिथली होडी लाकडाची आणि जड, वल्हवणारे बरेच, आणि शर्यत डोळ्यांसमोर सुरू होऊन डोळ्यांसमोर संपते. काठावरच्या माणसानं गळा फाटेस्तोवर ओरडायचं, एवढंच त्याचं काम. इथं काठावरच्या माणसाला नदीत उतरावं लागतं. माझ्या दृष्टीनं ही शर्यत जगातल्या इतर शर्यतींपेक्षा वेगळी आहे ती याच एका गोष्टीमुळं.

कुणी कुठल्या ओळीत उभं राहायचं हे आधीच्या दिवसांत नदीवर घेतलेल्या छोट्या धावेवरून ठरतं. आमची ओळ मधली. मधली ओळ वाईट, कारण मागून रेटा आणि पुढं कोंडी. "पाण्यापाशी घाई करू नका," ग्रँमा दोघांना सांगते. "घाईत वल्हं मोडतं. रात्र मोठी आहे." मैत्रीण मान हलवते, पण तिचं लक्ष तिथं नाही. ती नाकातून श्वास घेते आहे आणि तोंडानं सोडते आहे.

बार होतो.

सगळ्या कनू एकदम उचलल्या जातात आणि डांबरावर बुटांचा आवाज उठतो. डोक्यावर, खांद्यावर, कमरेशी धरलेल्या नावा माणसांच्या दोन भिंतींमधून पळत निघतात. कोपऱ्यावर एक जोडी अडखळते, दुसरी तिला वळसा घालते, कुणाच्या तरी नावेचं टोक कुणाच्या तरी पाठीत बसतं आणि दोघंही मागं न बघता पुढं जातात. ग्रेलिंगपाशी ऑसाबल अगदीच अरुंद आहे, गुडघाभर पाण्याची. तिच्यात पाहता पाहता नावाच नावा होतात. पाणी फेसाळतं, गढूळ होतं. आमची जोडी दिसते, दोन नावांच्या मधून घुसते, आणि पहिल्या वळणाआड जाते. मला पुढचं बघायला थांबता येत नाही. नवरा गाडी चालू करून उभा आहे.

आता काठावरची शर्यत सुरू होते. नदी वळणं घेत जाते, रस्ते सरळ जातात, आणि प्रत्येक चमूला नावेच्या आधी पुढच्या ठिकाणी पोचायचं असतं. जॅक पाइनच्या रानातले मातीचे रस्ते, त्यावर गाड्यांची रांग, धुळीत दिसणारे लाल दिवे. ग्रँमा पुढच्या सीटवर. तिच्या मांडीवर वही आहे; तिच्यात ठिकाण, अपेक्षित वेळ, काय द्यायचं, कुणाला द्यायचं, सगळं तिच्या हातानं लिहिलेलं. बर्टन्स लँडिंग. स्टीफन ब्रिज. वेकली ब्रिज. ही नावं ती जपाच्या लयीत म्हणते.

स्टीफन ब्रिजवर माणसं पुलाच्या कठड्याला टेकून वाट बघत आहेत. खाली काळोख. हा नदीचा भाग ट्राउट मासे धरणाऱ्यांचा, गळ टाकून तासन्‌तास पाण्यात उभं राहणाऱ्यांचा. गावाचं नाव ज्या माशावरून पडलं तो ग्रेलिंग मासा या नदीतून कधीच संपला. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या पाइनची जंगलं तोडून ओंडके याच पात्रातून समुद्रासारख्या त्या सरोवराकडं सोडले, त्यात माशांची अंडी घालायची जागाच खरवडून गेली, आणि वर मासेमारीला धरबंध नव्हता. १९५९ साली नद्या राखण्यासाठी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था ग्रेलिंगजवळ, याच नदीच्या काठी स्थापन झाली. मला हे ग्रँमाकडून कळलं. ती नदीबद्दल बोलते तेव्हा कडेचं झाडसुद्धा कुणाच्या जमिनीतलं आहे ते सांगते.

दिवे दिसतात. आधी एक, मग तीन, मग वळणावरून सगळी माळच. पुढच्या नावा इतक्या वेगानं पुलाखालून जातात की ओरडणारे वाक्य पूर्ण करू शकत नाहीत. आणि त्या गोंगाटातूनही खालून एक हाक स्पष्ट ऐकू येते: "हट!" मग थोड्या वेळानं पुन्हा, "हट!"

ही मागच्याची हाक. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना वल्हवत असतात. सहा-आठ फटके झाले, नाव किंचित एका अंगाला वळायला लागली, की मागचा हाक देतो आणि पुढच्याच फटक्याला दोघंही वल्ह्याची बाजू बदलतात. नाव सरळ करण्यासाठी वेगळा फटका मारायचा नाही. तो मारला की वेग तुटतो. मिनिटाला सत्तरच्या आसपास फटके. पंधरा तास धरले तर साठ हजारांच्या वर जातात. तेवढ्या वेळा वल्हं उचलायचं तर त्याचं वजन ग्रॅमात मोजावंच लागतं. आमच्या जोडीची वल्ही कार्बनची आहेत, हातात घेतली की रिकामी वाटावीत इतकी हलकी. आणि ती सरळ नाहीत: दांडा जिथं पात्याला मिळतो तिथं दहा-बारा अंशांचा बाक आहे. सरळ वल्ह्याचं पातं फटक्याच्या शेवटी तिरपं होऊन पाणी वर उचलायला लागतं आणि नाव खाली दाबली जाते. बाक दिला की पातं जास्त वेळ उभं राहतं आणि पाणी मागंच ढकललं जातं. मिनेसोटाच्या युजीन जेन्सननं हे वल्हं १९७० च्या दशकात आणलं. त्याच्या आधी कितीतरी वर्षं माणसं सरळ वल्ह्यानं नाव दाबत दाबत पुढं नेत होती. एवढासा बाक! ग्रँमाच्या दिवाणखान्यात तिच्या नवऱ्याचं स्प्रूस लाकडाचं वल्हं टांगलेलं आहे, ते मी उचलून पाहिलं आहे. ते घेऊन मला एक तास निघाला नसता.

आमची जोडी पुलाखालून जाते. ग्रँमा घड्याळ बघून वहीत आकडा लिहिते. "चार मिनिटं मागं," ती म्हणते. "चालेल. कोंडीत गेली असतील."

मध्यरात्र उलटलेली आहे आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे. ऑसाबलला जमिनीखालच्या झऱ्यांचं पाणी येतं, त्यामुळं भर जुलैतही ती गार असते. पहिल्या क्षणी श्वास अडकतो, मग पाय बधिर होतात, आणि मग बरं वाटतं. तळाला वाळू. माझ्या वरच्या अंगाला दहा-बारा पावलांवर दुसऱ्या चमूचा माणूस, त्याच्याही वर आणखी दोघं. सगळे प्रवाहाकडं तोंड करून, हातात कॅन धरून उभे. कुणाच्या काठीला हिरव्या दिव्यांचा त्रिकोण आहे, कुणाचं लाल वर्तुळ. आमचं चिन्ह निळ्या दिव्यांचा मोठा इंग्रजी 'झेड'. ग्रँमा तो काठावर उंच धरून उभी आहे. अंधारात, थकलेल्या डोळ्यांना, शंभर माणसांमधून आपली माणसं ओळखू यावीत म्हणून.

माझ्या हातातला कॅन म्हणजे मुठीचा प्लॅस्टिकचा कॅन, आत साखरेचं आणि मिठाचं मोजून केलेलं पाणी, झाकणातून निघालेली लांब बारीक नळी. नळीच्या टोकाला चिमटा. कॅन दोन पायांमध्ये ठेवायचा, चिमटा अंगावरच्या कपड्याला लावायचा आणि मान खाली घालून ओढायचं. हातानं बाटली उचलून पीत बसलं तर पाच-सहा फटके जातात, आणि एक जण थांबला की नावेची लय मोडते. कॅनच्या मुठीला चिकटपट्टीनं छोटी पिशवी लावली आहे: सोललेल्या केळ्याचे तुकडे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मिठात घोळून. रात्री गोड खाऊन खाऊन जीव विटतो, तेव्हा मीठ लागतं. बटाटा मी उकडला आहे. ग्रँमानं चाखून "अजून मीठ" म्हटलं होतं.

वरून हाक येते. नाव दिसायच्या आधी हाक येते. पहिली नाव माझ्यासमोरून जाते ती आमची नाही. तिची लाट पोटावर आपटते. दुसरी तिच्यामागं, वरच्या माणसाकडं वळते. तो कॅन पुढं करतो, पण नाव हातभर लांबून जाते आणि कॅन पाण्यात पडतो. तो ओरडत नाही. पाण्यातून धावत सुटतो, कॅन धरतो, आणि पुढं उभ्या असलेल्या परक्या चमूच्या बाईकडं फेकतो. ती तो झेलते, दोन पावलं आत जाते, आणि नावेतल्या माणसाच्या पायांत तो ठेवते. ती त्यांची प्रतिस्पर्धी आहे. तिची जोडी कदाचित त्याच नावेच्या मागं दोन मिनिटांवर असेल. नाव गेल्यावर ती तिच्या जागी परत येते आणि तिचा कॅन सरळ धरते.

मग "झेड! झेड!" असा आवाज. माझं नाव कुणी घेत नाही, मला तेवढंच ऐकू येतं. मी प्रवाहाबरोबर मागं चालायला लागते, आधी हळू, मग पाणी कापत जमेल तितक्या वेगानं. हे शिकावं लागतं. स्थिर उभं राहून द्यायला गेलं तर नावेचा सगळा वेग हाताला हिसका देतो; आपणही त्याच दिशेनं निघालो तर क्षणभर दोघांचा वेग जवळ येतो आणि त्या क्षणात देवघेव होते. पुढच्याला नवरा देतो. गाडी लावून तोही उतरला आहे. मागचीला मी. नाव माझ्या कुशीत आल्यासारखी येते. मी कॅन तिच्या पायांमध्ये ठेवते, नळी खांद्यावर टाकते, आणि ती रिकामा कॅन माझ्या छातीवर ढकलते. तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात पांढराफटक आहे. "उजवं मनगट," ती म्हणते. बस. नाव गेली.

काठावर येईपर्यंत ग्रँमानं चिकटपट्टी आणि रुंद पट्टा बाहेर काढून ठेवलेला आहे. "मायोला बांधू," ती म्हणते. "तिथं ते पायांवर असतील."

मायोचं धरण १९१६ सालचं. या नदीवरची सहाही धरणं १९११ ते १९२४ या काळात विजेसाठी उभी राहिली: वरून खाली मायो, अल्कोना, लाऊड, फाइव्ह चॅनल्स, कूक, फूट. त्यांचे परवाने २०३४ मध्ये संपतात, आणि पुढं त्यांचं काय होणार यावर काठावरच्या गावांत सतत बोलणं चालतं. आज रात्री मायोला तो विषय कुणाच्या डोक्यात नाही. पहाटेच्या काळोखात, धुक्यात, बांधाच्या उतारावर दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली आहेत, पांघरुणं गुंडाळून, मांडीवर झोपलेली मुलं घेऊन. कॉफीचा वास. दूर जलाशयावर धुक्यातून दिवे पुढं सरकतात आणि सगळे उठून उभे राहतात.

नाव काठाला लागते आणि माणसं उतरतात, पण पाय साथ देत नाहीत. कित्येक तास दुमडलेले गुडघे. एक जण उतरतो आणि तसाच बसकण मारतो. त्याचा जोडीदार नावेचं एक टोक धरून वाट बघतो. कनू दोघांनीच वाहायची. आम्ही पाणी देऊ शकतो, पट्टी बांधू शकतो, धीर देऊ शकतो. नावेचं ओझं त्यांचं. तो उठतो. काठावरचे शंभर-दोनशे लोक, ज्यांना त्याचं नावही माहीत नाही, त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहतात आणि तो बांध चढून पलीकडं जातो.

आमची दोघं येतात. मैत्रीण नाव खांद्यावर घेते तेव्हाच ग्रँमा तिच्या बरोबरीनं चालायला लागते, ऐंशीच्या घरातली बाई, चढावर, आणि चालता चालता मनगटाला पट्टा बांधते. तीन वेढे. अंगठ्याच्या मुळापाशी एक. "दुखतंय का सुन्न झालंय?" "दुखतंय." "मग चांगलं आहे. सुन्न झालं की सांग." उतारावर मला त्यांच्याबरोबर धावावं लागतं. भाऊ काही बोलत नाही. त्याच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी होऊन सुरकुतली आहे. मी त्याच्या तोंडात बटाट्याची फोड घालते, तो चावतो, आणि पाण्यात उतरतो.

ठरावीक वेळेच्या आत इथं न पोचणाऱ्यांना पुढं सोडत नाहीत. आम्ही निघताना एक जोडी गवतावर बसलेली दिसते, दोघंही तरुण, अंगावर चांदीच्या रंगाचं कागदासारखं पातळ पांघरूण. त्यांची नाव बाजूला उलटी ठेवली आहे. तिच्या तळाला दगडावर घासून पडलेला हातभर ओरखडा, त्यावर चिकटपट्टीचे दोन थर. आधीच्या टप्प्यात कुठंतरी थांबून पट्ट्या लावल्या, पुन्हा निघाले, पण पुढची वेळ गाठता येणार नाही म्हणून इथंच थांबले. त्यांच्या चमूतली बाई त्यांना गरम सूप पाजते आहे. नवरा गाडी थांबवून आमच्या डब्यातला बटाटा त्यांना देऊन येतो. त्यांनी तो लगेच खाल्ला, असं तो सांगतो.

उजाडतं तेव्हा आम्ही अल्कोनाच्या वाटेवर आहोत. धुकं पाण्यावरून वर चढतं आहे. नदी इथं रुंद होते, धरणांच्या फुगवट्यात तिचे तलाव होतात, आणि शर्यतीचा स्वभावच बदलतो. रात्री वळणं, झाडं, दगड यांच्याशी झुंज होती. आता नावा एकमेकींच्या मागं लागतात. पुढच्या नावेनं उठवलेल्या लाटेवर आपली नाव नेमकी बसवली तर तीच लाट आपल्याला ढकलते, आणि त्याच वेगाला कमी जोर लागतो. म्हणून चार-पाच नावा एकमेकींना चिकटून जाताना दिसतात. पुढं राहणारी दमते. मग दुसरी पुढं येते. कुणी किती वेळ पुढं ओढायचं हे न बोलता ठरतं, आणि जो फक्त मागं बसून फायदा घेतो त्याचं नाव काठावर लक्षात ठेवलं जातं.

पाणी उथळ झालं की आणखी एक खेळ. तळ जवळ आला की नावेची स्वतःची लाट मागं उभी राहते, शेपूट बसतं, नाक वर होतं, आणि नाव चिखलातून चालल्यागत जड होते. तेव्हा दोघांनी एकाच क्षणी सात-आठ फटके जीव तोडून मारायचे, पुढं झुकायचं, आणि नाव त्या लाटेच्या माथ्यावर चढवायची. चढली की ती एकदम हलकी होते आणि सपसप पळते. चढली नाही तर घेतलेला जोर गेला. चांगल्या जोडीला हे वाळूचा रंग बघून आधीच कळतं. काठावरून बघताना मला आधी ते दिसायचंच नाही. आता दिसतं: खांदे एकदम खाली जातात, नावेचं नाक पडतं, आणि शेजारची नाव मागं राहते.

आमची जोडी तीन नावांच्या घोळक्यात आहे. मनगटाचा पट्टा टिकला आहे. भाऊ अल्कोनाला पहिल्यांदा बोलतो: "किती मागं?" ग्रँमा सांगते, पुढची नाव दीड मिनिटावर आहे. ती खरं सांगते. इतर चमूंत कधीकधी हुरूप यावा म्हणून आकडा कमी करून सांगतात. ग्रँमाला ते मान्य नाही. "त्यांचं अंग त्यांना हिशेब विचारणार आहे," ती मला म्हणते. "आपण चुकीचा आकडा दिला तर ते चुकीच्या ठिकाणी जोर खर्च करतील."

लाऊड आणि फाइव्ह चॅनल्स झटपट उरकतात, दोन्ही धरणं जवळजवळ आहेत. गाडी उंच कड्यावरच्या रस्त्यानं जाते आणि खाली नदी दिसते, हिरवी, शांत, मधे बेटं. या रस्त्यावर लाकूडतोड्यांचं कांस्याचं स्मारक आहे, १९३२ सालचं. ऑस्कोडा आणि शेजारचं ऑसाबल ही दोन्ही गावं लाकडावर वाढली. १९११ च्या जुलैत आगीत जळून गेली. जवळच वल्हेकऱ्यांचंही एक स्मारक आहे, शर्यतीच्या सरावात गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत उभारलेलं. त्याच्या माथ्यावर दोन वल्ही उभी आहेत. ग्रँमा तिथून जाताना गाडी सावकाश करायला सांगते, खिडकीची काच खाली घेते, आणि मग "चल" म्हणते. कूकला उशीर होतो आहे.

कूकला ऊन चढलेलं आहे. रात्री गारठलेली माणसं आता तापतात. मी टोपी पाण्यात बुडवून मैत्रिणीच्या डोक्यावर घालते आणि बर्फाची पिशवी तिच्या मानेमागं अडकवते. तिच्या तळहाताचे फोड फुटले आहेत. ती रडते आहे, पण पावलं थांबलेली नाहीत. रडणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. "फूटनंतर धरण नाही," मी तिला सांगते. तिला ते माहीत आहे. तरी ती म्हणते, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगते.

फूटच्या उतारावर भाऊ घसरतो. नाव त्याच्या हातातून सुटत नाही. तो गुडघ्यावर पडतो आणि नाव वरच्या वर धरून ठेवतो. बारा किलोची ती नाव त्या क्षणी कुणीही धरू शकलं असतं. कुणीही धरत नाही, कारण धरलं तर त्यांची रात्र वाया जाईल. भोवतालची सगळी माणसं हात मागं घेऊन उभी आहेत, आणि त्या मागं घेतलेल्या हातांत किती जोर रोखून धरलेला आहे ते मला दिसतं. तो उठतो. दोघं पाण्यात.

ऑस्कोडाला नदीवर गर्दी, बँडचा आवाज, मक्याच्या कणसांचा वास. जिंकणारे केव्हाच पोचले आहेत. १९९४ साली क्यूबेकचा सर्ज कॉर्बिन आणि सस्कॅचेवानचा सॉलोमन कॅरियर यांनी हे अंतर १३ तास ५८ मिनिटं ८ सेकंदांत कापलं होतं, आणि अजूनही इथं प्रत्येक जोडीचा वेळ त्या आकड्याशेजारी ठेवून बोलला जातो. पण गर्दी जिंकणाऱ्यांबरोबर पांगलेली नाही. शेवटच्या नावेपर्यंत ती इथंच असते. लाउडस्पीकरवर नावं वाचली जातात, गाव वाचलं जातं, कितवी शर्यत ते वाचलं जातं.

आमची दोघं शेवटच्या वळणावरून येतात. हाक अजून तशीच आहे, फक्त घसा बसलेला: "हट." बाजू बदलतात. "हट." रेषा ओलांडतात. नाव काठाला लावून मैत्रीण उतरायला बघते आणि तिला उतरता येत नाही, तेव्हा आता, शर्यत संपल्यावर, आम्हाला हात लावायची मुभा आहे. नवरा आणि मी तिला काखेत धरून बाहेर काढतो. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकते. तिच्या अंगाला नदीचा, घामाचा आणि केळ्याचा वास आहे.

भाऊ गवतावर उताणा पडला आहे. ग्रँमा त्याच्याशेजारी घडीची खुर्ची उघडून बसते, वही काढते.

"बैठक शेवटी किती पुढं होती?"

"कूकपासून दोन बोटं पुढं घेतली," तो डोळे न उघडता सांगतो.

"म्हणूनच नाक दबत होतं. मला काठावरून दिसत होतं. कॅनडाला एक बोट मागं घे." सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना क्यूबेकमध्ये सेंट मॉरिस नदीवरची तीन दिवसांची शर्यत वल्हवायची आहे, मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातली ७० मैलांची जनरल क्लिंटन त्यांनी केली आहे. तिन्ही मिळून वर्ष पुरं होतं. "तिथं दिवसा वल्हवायचं. लांब नळ्यांत पाणी तापतं. त्या आखूड कर."

"करतो."

"आणि पायाची दांडी बदल. चौथ्या धरणानंतर ती हलत होती ना?"

आता तो डोळे उघडतो. "तुला ते कसं कळलं?"

"तुझे खांदे तुझ्या आजोबांसारखे वर चढतात, दांडी हलली की." ती पुढच्या पानावर तारीख घालते आणि माझ्याकडं वळते. "बटाटे किती उरले?"

"एकही नाही," मी सांगते.

"मग तिकडं जास्त उकडावे लागतील," ती म्हणते आणि तेही लिहून घेते.